जुन्नर-आंबेगांवचीं पांखरें व त्यांची भूमि

पक्षी ओळखणें आणि पक्ष्यांचा अभ्यास करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुस्तकांतील चित्र पाहून "हा नीलकंठ, हा धोबी, हा खाटीक" असें सांगतां येऊं लागलें म्हणजे ओळख झाली. अभ्यासास प्रारंभ होतो तो यानंतर. हा पक्षी याच माळावर कां उतरला? शेजारच्या गांवीं तो कां दिसत नाहीं? चार वर्षांपूर्वीं होता तो आतां कोठें गेला? असे प्रश्न मनांत येऊं लागले म्हणजे आपल्या ध्यानांत येतें कीं, पांखराकडे पाहतां पाहतां आपण त्याच्या पायाखालच्या जमिनीकडेच पाहूं लागलों आहों. प्रस्तुत लेखांत जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांचा या दृष्टीनें विचार करण्याचें योजिलें आहे.

अशा विचारास याहून सोयीचे तालुके पुणें जिल्ह्यांत क्वचितच सांपडतील. कल्याणहून नगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, जाणारा रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यांत शिरतो. पिंपळगांव जोगें धरणाच्या बाजूनें ओतूर, आळेफाटा, बेल्हें असा जातो आणि आणे पठारावरून पारनेराकडे निघून जातो. सारा प्रवास सुमारें सत्तर किलोमीटरांचा. परंतु तेवढ्यांत सृष्टि किती पालटते पाहा. पश्चिमेस सह्याद्रीच्या धारेवर वर्षाला ३,००० मिलिमीटर व कोठें कोठें त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पूर्वेच्या टोंकास तो ५००-६०० मिलिमीटरांवर येतो. आंबेगांव तालुक्यांतही हाच प्रकार : आहुपें येथें ढगांत बुडालेलें रान, मध्यें भातखाचरें व बागाईत, आणि मंचरच्या पूर्वेस लोणी-धामणीकडे उघडे माळ. कुकडी, मीना व घोड या तिन्ही नद्या सह्याद्रींत उगम पावून याच वाटेनें पूर्वेस जातात. त्यांच्या खोऱ्यांस जुन्या काळीं कुकडनेर, मीननेर, घोडनेर म्हणत. पांखरांना तालुक्याची सीमा ठाऊक नसते. पावसाची मात्र पक्की ठाऊक असते.

याचा पडताळा कोणासही पाहतां येईल. आपल्याकडे बुलबुलाच्या दोन जाति सामान्य आहेत. शेपटीखालीं लाल असलेला लालबुड्या बुलबुल या रस्त्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत भेटतो. डोक्यावर उभा काळा तुरा व गालावर लाल ठिपका मिरविणारा शिपाई बुलबुल मात्र ओल्या व झाडी असलेल्या भागाचा रहिवासी. पूर्वेकडे जावें तसतसा तो विरळ होत जातो. दोघांची अंगकाठी, चोंच व खाणें बरेंचसें सारखें. फरक आहे तो मुख्यतः राहण्याच्या जागेंत. एका कुळांतले दोन भाऊबंद अशा रीतीनें नेमके कोठें वेगळे होतात, तें पाहात जाणें ही या अभ्यासाची पहिली पायरी समजावी. पुढें अशा आणखी जोड्या येतील.

या प्रदेशांतील पक्ष्यांची शास्त्रीय नोंद करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याचें नांव अग्रभागीं घातलें पाहिजे. मुंबई सरकारनें १८२४ सालीं त्यास दक्षिणेंतील जमीन, पीक व लोकसंख्या यांची आंकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें. काम आंकड्यांचें खरें. पण हा गृहस्थ जेथें मुक्काम पडे तेथील मासे, पांखरें, हवा, शिलालेख सारेंच टिपून ठेवी. नाणेघाटांतील सातवाहनकालीन शिलालेखांची वार्ता विद्वानांपर्यंत पोंचली ती त्यानें १८२८ सालीं ते पाहिल्यामुळें. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांवरही त्यानें पुढें लिहिलें. १८३२ सालीं त्यानें दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्यें प्रसिद्ध केली. तींत शास्त्राला तोंपर्यंत अज्ञात असे ५६ पक्षी होते, आणि कित्येकांपुढें त्यानें मराठी नांवेंही लिहून ठेविलीं होतीं.

या छप्पन्नांतील कांहीं पक्षी अगदीं आपल्या दारांतले आहेत, हें ऐकून विद्यार्थ्यांस नवल वाटेल. ओढ्याच्या कडेला मान आंखडून बसणारी, उडतांच एकदम पांढरी शुभ्र दिसणारी ढोकरी कोणीं पाहिली नाहीं? तिचें शास्त्रीय वर्णन प्रथम साइक्सनें केलें. बाभळींत कलकलाट करीत फिरणारा मोठा करडा सातभाई याच यादींतला. त्याच्या शास्त्रीय नांवांत सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नराचें नांव गोंवलेलें आहे. एका रातव्याला त्यानें "महरट्टेन्सिस", म्हणजे मराठ्यांच्या देशाचा, असें नांव दिलें. या रातव्याची वीण वायव्येकडील रुक्ष प्रदेशांत होते. तरी ज्या देशांत तो प्रथम ओळखला गेला, त्याचें नांव त्यास कायमचें चिकटलें. एका लहान चंडोलास तर "देवा" असें नांव मिळालें. गव्हर्नर व देव यांची एकाच यादींत अशी सोय लावणारा मनुष्य मोठा चतुर असला पाहिजे! तें कांहींही असो; पावणेदोनशेंहून अधिक वर्षांपूर्वींची ही यादी आपल्या हातीं आहे, आणि तेव्हां काय होतें व आज काय आहे हें पडताळून पाहण्यास ती फार उपयोगी पडते.

आतां पश्चिमेकडून आरंभ करूं. आहुपें व भीमाशंकर या बाजूचें रान सदाहरित व निमसदाहरित आहे. भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १३१ चौरस किलोमीटर असून त्याचा कांहीं भाग आंबेगांव तालुक्यांत येतो. लोक तेथें शेकरू पाहण्यास जातात, आणि जावेंच; परंतु शेकरू शोधतांना मान वर ठेवणाऱ्यास धनेशही दिसण्याचा संभव असतो. धनेशाच्या दोन जाति इकडे लक्षांत घ्याव्या. गांवाजवळच्या वड-पिंपळांवर येणारा तो राखी धनेश. घाटमाथ्याच्या दाट रानांतला तो मलबारी धनेश. मादी जुन्या झाडाच्या ढोलींत शिरते, दार लिंपून घेते आणि एक फट तेवढी ठेविते. त्या फटींतून नर तिला व पुढें पिलांना उंबर व इतर फळें भरवितो. ढोली कोंवळ्या झाडाला नसते. तिला म्हातारें झाड लागतें. म्हणून देवराईचें महत्त्व. आहुप्याच्या देवराईंत कुऱ्हाड चालत नाहीं, आणि म्हणूनच तेथें पोकळ झालेलीं झाडें उभीं आहेत. झाडें मोजून रानाची किंमत ठरविणाऱ्यांनीं धनेशाचाही अभिप्राय घ्यावा.

याच भागांतील महादेव कोळी बांधव हिरड्याचीं फळें गोळा करून विकतात. कित्येक घरांचा वर्षाचा मीठ-मिरचीचा खर्च त्यावर चालतो. हिरड्याचें झाड उभें राहिलें तें या कारणानें, आणि त्याच्या आश्रयानें पांखरेंही राहिलीं. मनुष्याचा उपयोग व पांखराचा उपयोग नेहमींच एकमेकांविरुद्ध असतात असें नाहीं.

पावसाळ्यांत या रानांत पक्षी दिसत कमी व ऐकूं येतात फार. ओढ्याच्या धबधब्याजवळ पहाटे कोणी मुलगा शीळ घालीत चालला आहे, तीही धड सुरांत नाहीं, आठवेल तशी, असा भास झाला तर तो शीळकरी कस्तूर समजावा. रंग गडद निळा, कपाळावर व खांद्यांवर चकाकी. सर्व पांखरें मुसळधारेला कंटाळून गप्प बसलेलीं असतां याला कंठ फुटतो, कारण याची वीणच मुळीं पावसांतली. घरटें पाण्याच्या तुषारांत, खडकाच्या खांचेंत असतें. आणखी एका इवल्या पांखराकडे लक्ष द्यावें : गळ्याला व पाठीला लालभडक रंग असलेला एक शिंजीर फुलांवर भिरभिरतांना दिसतो. हाही साइक्सच्या यादींतला असून त्याचे मित्र व्हिगर्स यांच्या नांवानें ओळखला जातो. सह्याद्रीबाहेर जगांत तो कोठेंही आढळत नाहीं. बागेंत येणारे इतर शिंजीर आपण सर्वांनीं पाहिलेले असतात. ते देशभर आहेत. हा मात्र आपल्या डोंगराचा आहे.

रानाच्या कांठीं कडे लागतात : माळशेज, नाणेघाट, जीवधन, आणि आंत शिवनेरी व लेण्याद्रीचे डोंगर. लेण्यांच्या कपारींत चिखलाचीं वाटीसारखीं घरटीं करणाऱ्या पाकोळ्या, हिंवाळ्यांत एकटाच उंच दगडावर बसणारा निळा शैल कस्तूर, वाऱ्यावर एकाच जागीं पंख हालवीत लटकणारी खरूची, आणि बाणासारखा सुटणारा शाहीन ससाणा, हे कड्यांचे रहिवासी. येथें एक सूचना केली पाहिजे. किल्ल्यांच्या व लेण्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळें असतात. तेथें आरडाओरड करूं नये, धूर करूं नये, दगड मुळींच भिरकावूं नयेत.

कड्यांवरची मुख्य उणीव मात्र गिधाडांची आहे. लांब चोंचीचें गिधाड सह्याद्रीच्या कड्यांत वीण करतें. मेलेलें ढोर गांवाबाहेर टाकलें कीं आकाशांतून गिधाडें उतरत आणि अल्पावकाशांत सांगाडा स्वच्छ करून जात, हें दृश्य आपल्या वडील मंडळींस नीट आठवत असेल. १९९० नंतर भारतांत गिधाडें इतक्या झपाट्यानें नाहींशीं झालीं कीं शंभरांतील नव्वदांहून अधिक गेलीं. कारण २००४ च्या सुमारास निश्चित झालें : गुरांना वेदना व सूज यांवर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध. औषध दिलेलें जनावर मेलें आणि तें गिधाडानें खाल्लें तर त्याचें मूत्रपिंड निकामी होऊन तें थोड्या दिवसांत मरतें. जनावरांसाठीं हें औषध वापरण्यास २००६ सालीं बंदी झाली. तशाच दुसऱ्या दोन औषधांवर, केटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक यांवर, २०२३ सालीं. गिधाड वर्षाला एकच अंडें घालतें. तेव्हां गेलेली संख्या भरून येण्यास किती काळ लागेल याचा हिशेब गणिताच्या तासाला करून पाहावा.

डोंगर उतरून खालीं आलों कीं पाणी लागतें. साइक्सच्या वेळीं या दोन तालुक्यांत नद्या होत्या, डोह होते. मोठे जलाशय नव्हते. आज कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें आहेत : कुकडीवर माणिकडोह व येडगांव, मीनेवर वडज, आर नदीवर पिंपळगांव जोगें आणि घोडवर डिंभें. डिंभ्याच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनूंचें नांव आहे, आणि ज्या गांवावरून तालुक्यास आंबेगांव हें नांव मिळालें तें जुनें गांव याच पाण्याखालीं गेलें. कोणाचें घर गेलें, कोणाच्या शेतास पाणी आलें; आणि ज्यांना कोणीं विचारलें नव्हतें अशा हजारों पांखरांना हिंवाळ्याचें एक नवें ठिकाण मिळालें.

पाण्यावरचे पक्षी ओळखण्यास सोपे. ते उघड्यावर असतात, बराच वेळ एका जागीं राहतात, आणि त्यांचीं मराठी नांवें इतकीं चित्रासारखीं आहेत कीं एकदां ऐकलीं म्हणजे विसरत नाहींत. काळें अंग व कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी. तो थव्याथव्यानें असतो हेंही नांवाला शोभतें. चोंचीच्या मुळाशीं तांबडा ठिपका व टोंकास पिवळा रंग असलेलें तें हळदीकुंकू बदक. शेपटीची सळई मिरविणारें तलवार बदक, रुंद चोंचीचा थापट्या, उंच लाल पायांचा शेकाट्या, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली. हीं नांवें कोळ्यांनीं, गुराख्यांनीं, शिकाऱ्यांनीं ठेविलीं. शास्त्रज्ञानें तीं आदरानें उतरून घ्यावीं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरांत उत्तरेकडून चक्रवाक व इतर बदकें येतात आणि मार्चपर्यंत राहतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला पट्टकादंब हा हंस तिबेट व मंगोलियाकडील सरोवरांवर वीण करून हिमालय ओलांडून दक्षिणेकडे उतरतो. त्याच्या अंगावर यंत्र बांधून केलेल्या अभ्यासांत तो ७,००० मीटरांहून उंच गेल्याचें आढळलें आहे. जेथें मनुष्याला श्वास घेणें कठीण, तेथें हा पंख मारीत जातो. जलाशयाच्या कांठीं चरतांना हा दिसला तर त्याला उडवून पाहण्याचा मोह आवरावा. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुण्यास आपण निदान बसूं द्यावें.

सर्व जलाशय पक्ष्यांच्या दृष्टीनें सारखे नसतात, हें विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. डोंगरांच्या अरुंद दरींत अडविलेलें पाणी कांठापासूनच खोल जातें. तेथें मासे धरणारा पाणकावळा व वरून झेप घालणारा सुरय पक्षी यांचें भागतें. पण चिखलांत चोंच खुपसणाऱ्या तुतवारांस उभें राहण्यास जागाच नसते. उथळ व पसरट पाणी जसजसें उतरत जातें तसतसा ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो, आणि तो त्यांचा भोजनाचा ताट होतो. माळशेजकडे रोहित पक्षी येतात अशी मोठी ख्याति आहे. रोहित चोंच उलटी करून उथळ पाण्यांतील सूक्ष्म जीव गाळून खातो. तेव्हां त्याचें येणें पुष्कळ अंशीं पाणी किती उतरलें आहे यावर अवलंबून असतें. "धरणावर आज पक्षी आहेत कां?" असें न विचारतां "पाणी कोठपर्यंत आहे?" असें विचारावें.

धरणाबरोबर कालवे आले, कालव्यांबरोबर ऊंस, द्राक्षें, टोमॅटो. शेतांतील पांखरांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण तीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. नांगरामागें गायबगळे, विहिरीवर लोंबणाऱ्या फांदीला सुगरणींचीं घरटीं, तारेवर वेडे राघू व कोतवाल. ऑगस्टनंतर मध्य आशियांतून गुलाबी अंगाच्या भोरड्या येतात. पिकलेल्या ज्वारीवर उतरतात म्हणून शेतकरी त्यांना शिव्या देतो, परंतु टोळ-नाकतोडे फस्त करतात तेव्हां त्यांचे आभार मानावयास कोणी जात नाहीं. गव्हाणी घुबडाचेंही तसेंच. एका रात्रींत उंदीर मारून शेतकऱ्याचें धान्य वांचविणारा हा पक्षी निव्वळ तोंड चपटें व आवाज कर्कश म्हणून अपशकुनी ठरला आहे.

उंसांत बिबट्यानें बस्तान मांडलें आहे, हें जुन्नरच्या मुलांस वेगळें सांगावयास नको; माणिकडोहचें बिबट्या निवारण केंद्र त्याचीच साक्ष आहे, आणि दुर्दैवानें माणसांचे बळीही गेले आहेत. पक्षी पाहण्याची वेळ पहाटेची व सायंकाळची, आणि बिबट्याची वेळही तीच. म्हणून उंसाच्या कडेनें एकट्या मुलानें कदापि जाऊं नये. उजाडल्यावर, चौघे-पांच मिळून, एका मोठ्या माणसासह जावें. खालीं बसून किंवा ओणवें होऊन पांखराची वाट पाहूं नये.

आतां शेवटचा व माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा भाग, तो माळाचा. बेल्ह्यापासून आणे पठारावर, किंवा लोणी-धामणीच्या बाजूस उन्हाळ्यांत उभें राहिलें तर प्रथम कांहींच दिसत नाहीं. कुसळी गवत, मुरमाड जमीन, मधूनच एखादी बोर किंवा बाभूळ. सरकारी कागदांतही अशा जमिनीची गणना पुष्कळदां पडीक म्हणून होते. पण येथेंच दहा मिनिटें स्तब्ध उभें राहून पाहावें. समोरची माती हलूं लागते. ती माती नसते. तो धाविक असतो. चार पावलें धांवतो, थबकतो, पुन्हां धांवतो, आणि थबकला कीं दिसेनासा होतो. त्याची अंडीं उघड्या जमिनीवर, खड्यांत खडे होऊन पडलेलीं असतात. घरटें म्हणून नांवास एक काडी नाहीं. आकाशांत एक चिमणीएवढा पक्षी उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा पडतो, जमिनीपाशीं येतां येतां पुन्हां वर उसळतो. दोरावरच्या कसरती करणाऱ्याच्या नांवावरून याला डोंबारी म्हणतात. साइक्सचा "देवा", तो शेंडीचा चंडोल, याच माळावर आहे.

टिटवीच्या दोन जाति येथें एकमेकींपासून वेगळ्या होतात. डोळ्यापाशीं तांबडें मांस असलेली नेहमींची टिटवी पाण्याच्या आसपास राहते. पिवळ्या गलोलीची माळटिटवी कोरड्या माळाची. कालवा आला, शेतें भिजूं लागलीं, कीं तांबडी टिटवी पुढें सरकते आणि पिवळी मागें हटते. नकाशावर कालवा काढावयाचा राहिला तरी या दोघींच्या नोंदींवरून तो काढतां येईल! पोपटांचें व रानकोंबड्यांचेंही असेंच : राखी रानकोंबडा घाटाच्या झाडींत, करडा तितर माळाच्या झुडपांत, निळ्या पंखांचा पोपट भीमाशंकराकडे, गळ्यांत कंठ असलेला आपला नेहमींचा पोपट गांवोगांवीं.

पखुर्डी म्हणून कबुतराएवढा एक पक्षी माळावर असतो. सकाळीं ठराविक वेळीं थवे दूरवरून पाणी पिण्यास येतात, आणि घाईनें परत जातात. या कुळांतील नर पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून तें पाणी पिलांपर्यंत नेतो. पिलें तीं पिसें चोंचीनें पिळून तहान भागवितात. हिंवाळ्यांत मध्य आशियांतून भोवत्या नांवाचे शिकारी पक्षी येतात व गवतावरून अगदीं खालून, डावीकडे उजवीकडे झोल घेत फिरतात. रात्रीं ते झाडावर नव्हे, गवतांतच जमिनीवर मुक्काम करतात. गवत जाळलें किंवा नांगरलें तर इतक्या दुरून आलेल्या या पक्ष्यास रात्रीची जागा राहात नाहीं.

आणि जो पक्षी या माळांवर आज नाहीं, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. शेजारच्या त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत मॅन्सफील्ड नांवाच्या एका इंग्रजानें ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एकट्या मनुष्यानें एका जिल्ह्यांत मारलेले ते ९६१. आज साऱ्या भारतांत मिळून दोनशेंही माळढोक उरलेले नाहींत. बंदुकीनें जें आरंभिलें तें पुढें नांगरानें, कालव्यानें व विजेच्या तारांनीं चालविलें.

माळाचें रक्षण करावें असें म्हटलें कीं उत्साही मंडळी खड्डे खणून रोपें घेऊन येतात. त्यांचा हेतु स्तुत्य आहे, परंतु माळ म्हणजे उजाड झालेलें रान नव्हे. कमी पाऊस, उथळ माती, चरणारीं गुरें यांनीं मिळून घडविलेली ती एक स्वतंत्र सृष्टि आहे. तेथें ओळीनें गिरिपुष्प व निलगिरी लाविली तर धाविकाला धांवण्यास जागा राहात नाहीं, माळटिटवीला दूरवर पाहतां येत नाहीं, आणि झाडावर बसून अंडीं हेरणाऱ्या कावळ्याची मात्र सोय होते. झाडें लावावयाचीं असतील तर शाळेच्या आवारांत, ओढ्याच्या कांठीं, रस्त्याच्या कडेस लावावीं; वड, उंबर, कडुलिंब, चिंच लावावी. माळाला गवत पुरें आहे. धनगराच्या मेंढ्या त्या गवतावर फार पूर्वींपासून चरत आल्या आहेत, आणि त्यांच्या पावलांनीं माळटिटवी नाहींशी झालेली नाहीं.

ही केवळ आमची समजूत नव्हे. २०२३ सालीं "भारतांतील पक्ष्यांची स्थिति" या नांवाचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. दीर्घ काळचा कल ज्यांच्याविषयीं ठरवितां आला अशा ३३८ जातींपैकीं २०४ घटल्या असल्याचें त्यांत दिसून आलें. वाढल्या त्या अवघ्या ३६. उघड्या माळरानावर राहणारे व शिकार करून जगणारे पक्षी विशेष घटले आहेत. दसऱ्याला ज्याचें दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ घटणाऱ्यांत आहे. मोर मात्र वाढणाऱ्यांत आहे, आणि आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली पाहिली तर तें पटतेंही. हा अहवाल कोणी पगारी अधिकाऱ्यांनीं रानोमाळ हिंडून तयार केलेला नाहीं. सुमारें ३०,००० पक्षिनिरीक्षकांनीं आपापल्या गांवीं पाहिलेल्या पांखरांच्या याद्या ई-बर्ड नांवाच्या सामाईक नोंदवहींत पाठविल्या. त्यांवरून तो सिद्ध झाला. त्यांत शाळकरी मुलाची नीट लिहिलेली यादी व प्राध्यापकाची यादी यांचें मोल सारखेंच.

नीट लिहिलेली म्हणजे कशी, तें सांगतों. तारीख, वेळ, ठिकाण, किती वेळ पाहिलें, पांखरांची नांवें व संख्या, आणि जमीन कशी होती. "खूप चिमण्या" हें लिहिणें निरुपयोगी; "चिमण्या २३" हें उपयोगी. नांव निश्चित नसेल तर नांव लिहूं नये, वर्णन लिहावें : आकार कावळ्याएवढा कीं चिमणीएवढा, चोंच कशी, पाय कसे, चालतो कीं उड्या मारतो. आणि जो पक्षी अपेक्षित होता पण दिसला नाहीं, त्याचीही नोंद करावी. पुढें तीच सर्वांत मोलाची ठरते. साधनें थोडीं लागतात. खोडद येथें तारे पाहणाऱ्या मंडळींस ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या लागल्या. आपल्या कामास आठपट मोठें दाखविणारी एक हातांतली दुर्बीण वर्गांत मिळून पुरते. तीही नसेल तर टिटवी, वारकरी व शिपाई बुलबुल नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येतात. घरट्याजवळ जाऊं नये, छायाचित्रासाठीं फांद्या बाजूला करूं नयेत, मोबाइलवर पांखराचा आवाज लावून त्यास फसवूं नये. विशेषतः विणीच्या दिवसांत तें फार त्रासदायक होतें.

येत्या वर्षांत वर्गांनीं आलटून पालटून चार फेऱ्या कराव्या असें योजिलें आहे. नोव्हेंबरांत येडगांवच्या पाण्यावर बदकें मोजावीं. जानेवारींत आणे पठारावर, ऊन चढण्यापूर्वीं पखुर्डीसाठीं व दिवस मावळतां भोवत्यांसाठीं. एप्रिलमध्यें भीमाशंकराकडे, धनेश व शिंजीर पाहण्यास. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत, शाळा उघडतांच, गांवाच्या सीमेवरच्या बाभळींत. तेव्हां आफ्रिकेकडून चातक आलेला असतो आणि सातभाईंच्या घरट्यांत आपलें अंडें ठेवण्याची संधि शोधीत असतो. प्रत्येक फेरीची वही शाळेच्या ग्रंथालयांत ठेवावी. पुढील वर्षींच्या वर्गानें त्याच ठिकाणीं, त्याच आठवड्यांत जावें, आणि नवी यादी जुन्या यादीच्या समोरच्या पानावर लिहावी.